पट्टीमुळे नाव झालं, पण गेममधली गाडी पळते ती मोबियसच्या दुसऱ्याच हिशोबावर

मोबाईलवर रेसिंग गेम खेळताना एक गोष्ट कधी नीट बघितलीय का? चाक स्वतःभोवती फिरतं, ते चाक गाडीसोबत वळतं, गाडी रस्त्यासोबत चढते आणि या सगळ्याच्या मागे कॅमेरा पळत असतो. गाडी अर्धी स्क्रीनबाहेर गेली की तेवढीच अर्धी कापली जाते, उरलेली अर्धी व्यवस्थित दिसते.

हा हिशोब सेकंदाला साठ वेळा होतो. आणि त्याच्या मुळाशी आहे १८२७ साली छापलेलं एक जर्मन पुस्तक.

लेखकाचं नाव ऑगस्ट फर्डिनांड मोबियस. हो, तोच पट्टीवाला. कागदाची पट्टी घ्यायची, अर्धा पीळ द्यायचा, टोकं चिकटवायची, की एकच बाजू असलेली वस्तू तयार. शाळेत अनेकांनी करून बघितली असेल. पण ती त्याने शोधली तेव्हा तो ६७ वर्षांचा होता. आपल्या कामाची गोष्ट त्याच्या तिशीतली आहे.

मोबियसचा जन्म १७ नोव्हेंबर १७९० चा, जर्मनीत सॅक्सनीमधल्या शुलफोर्टा इथला. वडील नृत्यशिक्षक होते, पण पोरगा तीन वर्षांचा असतानाच ते वारले. आई धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या वंशातली. तेराव्या वर्षापर्यंत त्याचं शिक्षण घरीच झालं.

१८०९ साली तो लायपझिग विद्यापीठात गेला, तो कायदा शिकायला. घरच्यांना पोरगा वकील व्हायला हवा होता. (ही गोष्ट आपल्याला वेगळी सांगायला नको.) पहिलं वर्ष संपायच्या आतच त्याने कायदा सोडला आणि गणित, खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र धरलं. १८१३ मध्ये तो गॉसकडे शिकायला ग्योटिंगनला गेला. गॉस म्हणजे त्या काळातला गणिताचा बाप माणूस, आणि तोही वेधशाळा सांभाळायचा. मधल्या काळात प्रशियाच्या सैन्यात भरती व्हायची वेळ आली, तेव्हा मोबियस जाम भडकला. कशीबशी सुटका झाली आणि १८१६ मध्ये लायपझिगच्या वेधशाळेत नोकरी लागली. सोबत प्राध्यापकपद मिळालं, पण पूर्ण दर्जाचं नाही.

तर या वेधशाळेत ताऱ्यांची मोजमापं घेता घेता त्याने ‘डेर बॅरिसेंट्रिशे कॅल्क्यूल’ लिहिलं. नाव अवघड, कल्पना मात्र तराजूची.

एखादी जागा सांगायची तर आपण दोन पद्धतींनी सांगतो. एक, नकाशावरचे आकडे. दुसरी, मारुतीच्या देवळापासून तिसरं घर. मोबियसने दुसरी पद्धत धरली. त्याने एक त्रिकोण घेतला आणि त्याच्या तीन कोपऱ्यांवर तीन वजनं ठेवली. आता हा त्रिकोण ज्या बिंदूवर तोलला जाईल, तो बिंदू म्हणजे तुमची जागा. वजनं बदला, जागा बदलते. तीन वजनं सांगितली की पत्ता पूर्ण झाला.

यातून काही भन्नाट गोष्टी निघाल्या.

तिन्ही वजनं दुप्पट केली तरी तोल तिथेच राहतो. म्हणजे महत्त्व प्रमाणाला आहे, आकड्याला नाही. तिन्ही वजनं धन असतील तर बिंदू त्रिकोणाच्या आत. एखादं ऋण झालं की बिंदू बाहेर. आणि वजनांची बेरीज शून्य आली तर? तो बिंदू थेट अनंतावर जातो, तरीही त्याला साधा पत्ता असतो.

आता परत गेममध्ये येऊ. चाकावरचा एक ठिपका पडद्यावर कुठे काढायचा? चाकाच्या दृष्टीने त्याची जागा एक, गाडीच्या दृष्टीने दुसरी, रस्त्याच्या आणि कॅमेऱ्याच्या दृष्टीने आणखी वेगळी. डब्यात डबा, त्यात अजून एक डबा. प्रत्येक पायरीवर फिरवणं, लहानमोठं करणं आणि सरकवणं असतं. पहिली दोन कामं गुणाकाराने होतात, सरकवणं मात्र बेरजेने. हीच खरी डोकेदुखी, कारण गुणाकार-बेरीज-गुणाकार अशी साखळी वाढतच जाते.

पण बिंदूसोबत मोबियसच्या वजनासारखा एक जादा आकडा ठेवला की सरकवणंही गुणाकारात बसतं. मग चार पायऱ्यांचे चार तक्ते आपसात गुणायचे, एकच तक्ता उरतो आणि चाकाचे हजारो ठिपके त्याच एका तक्त्यातून जातात. १९६० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीच्या लॉरेन्स रॉबर्ट्सने हे जादा आकड्याचं गणित कॉम्प्युटरच्या चित्रांसाठी वापरलं, आणि ते तिथून हललंच नाही.

कापण्याचं काम, म्हणजे क्लिपिंग, त्याचीही हीच कथा. चित्रं त्रिकोणांची बनतात, आणि एखादा पिक्सेल त्रिकोणाच्या आत आहे की बाहेर हे त्या तीन वजनांच्या चिन्हांवरून कळतं. कॅमेऱ्याच्या मागे असलेल्या वस्तूचा जादा आकडा ऋण येतो. त्याने भागाकार केला तर मागची गाडी उलटी होऊन समोर दिसेल! म्हणून आधी कापायचं, मग भागायचं. हा क्रम चुकला की काय होतं, ते गेम बनवणाऱ्या कुठल्याही नवशिक्याला विचारा.

ब्राउझरच्या कॅनव्हासमध्येही तीच डब्यात डब्याची पद्धत आहे. आतल्या डब्याची खिडकी बाहेरच्या खिडकीपेक्षा लहान होऊ शकते, मोठी कधीच नाही. काम झालं की सेव्ह केलेली जुनी खिडकी परत आणायची.

अर्थात, मोबियस एकटाच नव्हता. त्याच सुमारास प्लूकर आणि फॉयरबाख यांनाही स्वतंत्रपणे अशाच कल्पना सुचल्या होत्या. संपूर्ण श्रेय त्याला देणारे लेख दिसले तर जरा जपून वाचा.

आणि या पुस्तकाने त्याचं नशीब पालटलं का? तर नाही. शिकवण्याची शैली अशी, की फी भरून कोणी त्याच्या वर्गाला बसेना. शेवटी वर्ग फुकट आहेत अशी जाहिरात करावी लागली. पूर्ण प्राध्यापकपद मिळालं ते १८४४ मध्ये, तेही येना विद्यापीठाने बोलावणं धाडल्यावर लायपझिगवाले जागे झाले म्हणून. म्हणजे १८१६ पासून तब्बल २८ वर्षांनी. १८४८ मध्ये तो वेधशाळेचा संचालक झाला.

घरी पत्नी डोरोथिया होती. लग्नानंतर तिची दृष्टी गेली, तरी एक मुलगी आणि दोन मुलगे तिने वाढवले. दोन्ही मुलगे साहित्याचे अभ्यासक निघाले.

पट्टी आली ती १८५८ मध्ये. गंमत म्हणजे त्याच वर्षी योहान लिस्टिंगलाही ती सापडली होती, आणि छापलीही त्यानेच आधी, १८६१ साली. मोबियसचा लेख १८६५ चा. तरी नाव मोबियसचंच चिकटलं.

२६ सप्टेंबर १८६८ रोजी लायपझिगमध्ये तो वारला. ज्या वेधशाळेत १८१६ साली रुजू झाला, तिथली नोकरी त्याने शेवटपर्यंत सोडली नव्हती.