शिरोड्याची अठरा वर्षे

रोज तीच घंटा ऐकून तोच धडा शिकविणारा शिक्षक आणि रोज त्याच फायलींचा ढीग उपसणारा कारकून, यांच्या मनाला एक शल्य कधी ना कधी टोचतेच. आपले खरे आयुष्य कोठेतरी दूर राहून गेले आणि वाट्याला आला तो पोटासाठीचा रामरगाडा, हे ते शल्य होय. कोल्हापूरकरांनी ज्यांना सुमारे चार दशके आपल्यात वावरताना पाहिले, त्या वि. स. खांडेकरांचे चरित्र या संदर्भात पुन्हा आठवण्याजोगे आहे.

११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीत जन्मलेल्या खांडेकरांचे पितृछत्र लहानपणीच हरपले. पुढे आपल्याच घराण्यातील नातलगाकडे ते दत्तक गेले आणि गणेश आत्माराम या नावाचे विष्णु सखाराम झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाऊल ठेवले खरे, पण पदवी पदरात पडण्यापूर्वीच शिक्षण सुटले. १९२० साली ते वेंगुर्ल्याजवळच्या शिरोडे या खेड्यात ट्यूटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. व्यवहारी जगाच्या तराजूत तोलले, तर एका बुद्धिमान तरुणाच्या आयुष्याची ही माती झाली, असेच कोणीही म्हटले असते.

खांडेकरांनी मात्र त्या शाळेला धर्मशाळा मानले नाही. बरी नोकरी मिळेपर्यंतचा मुक्काम म्हणून नव्हे, तर आपले कार्यक्षेत्र म्हणून ते तेथे राहिले आणि तब्बल अठरा वर्षे राहिले. समुद्रकाठची मिठागरे, कोकणातील दारिद्र्य, फाटक्या कपड्यांत शाळेत येणारी हुशार मुले, १९३० साली त्याच गावात झालेला मिठाचा सत्याग्रह, हे सारे त्यांनी जवळून पाहिले. त्यांची पहिली कादंबरी १९३० साली प्रसिद्ध झाली. ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ १९३४ साली आल्या. अध्यापन आणि लेखन यांचे वैर असते, ही समजूत त्यांनी आपल्या वागण्याने खोटी ठरविली. शिकविण्याने लेखकाला माणसे दिली आणि लेखनाने शिक्षकाला उमेद दिली.

१९३८ साली ते कोल्हापुरास आले. हंस पिक्चर्ससाठी त्यांनी लिहिलेल्या ‘छाया’ या चित्रपटाने त्यापूर्वीच, १९३६ साली, त्यांचे नाव गाजविले होते. म्हणजे शिरोडे त्यांनीही अखेर सोडलेच. परंतु ते सोडले त्या वेळी मागे केवळ वर्षे नव्हे, तर काम उभे होते.

१९५९ साली ‘ययाति’ प्रसिद्ध झाली. सुखामागे धावून पोटच्या पोराचे तारुण्यही मागून घेणारा आणि तरीही अतृप्तच राहणारा राजा त्यांनी नायक म्हणून निवडला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. उपभोगाने मन भरत नाही, हे ज्याने अल्प वेतनावर दिवस काढले त्या शिक्षकाने सांगितले, म्हणून त्या सांगण्याला वजन आले. याच कादंबरीसाठी १९७४ चे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना मिळाले. मराठीला लाभलेले ते पहिले ज्ञानपीठ. पदवीवाचून राहिलेल्या या माणसाला शिवाजी विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. अखेरच्या काळात दृष्टी गेली, तरी मजकूर सांगून लिहवून घेण्याचा त्यांचा क्रम सुटला नाही. २ सप्टेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

अर्थात, या चरित्राचा दाखला देऊन शिक्षकाला वा कारकुनाला तुटपुंज्या पगारात समाधान मानावयास सांगणे, हा शुद्ध दांभिकपणा होईल. योग्य वेतन हा हक्कच आहे, आणि ध्येयवादाचे नाव पुढे करून तो नाकारता येत नाही. शिवाय प्रत्येकाच्या हातून ‘ययाति’ लिहून होणार नाही, हेही उघड आहे. परंतु पारितोषिकाची चाहूलही नसताना खांडेकरांनी शिरोड्याच्या वर्गात जी वर्षे काढली, ती पुढच्या कीर्तीमुळे सार्थ झाली असे मानणे चूक ठरेल. समोरच्या मुलाला एक गोष्ट नीट समजली, त्या दिवशीच ती सार्थ होत होती. हे समाधान उद्या सकाळी वर्गात शिरणाऱ्या कोणत्याही शिक्षकाच्या आणि अडलेल्या माणसाचा कागद वेळेवर पुढे सरकविणाऱ्या कोणत्याही कारकुनाच्या आवाक्यातले आहे.