कामाच्या हमीचे शिल्पकार : वि. स. पागे

मराठी वाचकाला पानिपत ठाऊक असते ते १७६१च्या रणसंग्रामामुळे. आजचे पानिपत मात्र कांबळी, गालिचे आणि जुन्या लोकरी कपड्यांपासून काढलेल्या सुताचे शहर आहे. तेथील यंत्रांवर राबणारे बहुसंख्य हात उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगालमधून येतात. ग्रामीण रोजगार हमीचा केंद्रीय कायदा एप्रिल २००८मध्ये या जिल्ह्यात पोहोचला, आणि त्या सुमारास उत्तरेतील कारखानदारांची व बड्या शेतकऱ्यांची एक तक्रार वारंवार कानी येऊ लागली. सरकारच गावात मजुरी देऊ लागल्यावर मजूर बाहेर पडतील कशाला, असा तिचा रोख होता. सरकारी सेवेत असताना मीही ती अनेकदा ऐकली. प्रत्येक वेळी मला सांगली जिल्ह्यातील एका सत्त्वशील गृहस्थांची आठवण होई. कामाच्या हमीची कल्पना त्यांची होती आणि या तक्रारीला त्यांच्या योजनेने कितीतरी आधी तोंड दिले होते.

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म १९१०चा. ऐन तारुण्यात ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि त्यांनी तुरुंगवासही भोगला. गांधीविचार आणि संतवाङ्मय यांचा त्यांच्यावर सारखाच संस्कार होता. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. त्या आसनाला प्रतिष्ठा मोठी, पण योजना राबविण्याचा अधिकार मंत्र्यांकडे. अशा पदावर असूनही त्यांनी राज्याला एक योजना दिली, हे विशेष.

तासगावचा भाग पर्जन्यछायेतला. सुगी सरली की भूमिहीनांच्या हाताला काम उरत नसे. १९६५मध्ये पागे यांच्या पुढाकाराने विसापूर परिसरात एक प्रयोग झाला. जो काम मागेल त्याला शासनाने ते द्यावे, आणि त्या श्रमातून गावाच्या उपयोगाची मत्ता उभी राहावी, हे त्याचे सूत्र होते. दान द्यायचे नाही आणि उपाशीही ठेवायचे नाही, असा हा मधला मार्ग होता.

मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात, १९७२मध्ये, ही योजना राज्यभर नेण्याचे ठरले. त्याच वर्षी भीषण दुष्काळ पडला. १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत आणि माती वाहत होती. त्या अनुभवाने हमीची निकड सर्वांना पटली. १९७५मध्ये व्यवसाय कर आला आणि शहरातील पगारदार व व्यावसायिक खेड्यातील मजुरीचा भार उचलू लागले. १९७७मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला, तेव्हा विधान परिषदेच्या सभापतिपदी पागेच होते. २६ जानेवारी १९७९पासून तो अंमलात आला.

या कायद्याची रचना व्यवहारी होती. अर्ज केल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचे; न दिल्यास बेकारी भत्ता. तो नाममात्र होता आणि प्रत्यक्षात फारच थोड्यांच्या पदरी पडला. काम अंगमेहनतीचे आणि मजुरी मापावर, स्त्री-पुरुषांना एकाच दराने. त्यामुळे ज्याला खरोखर गरज आहे तोच कामावर येई. पात्रता तपासायला निराळ्या कारकुनाची गरज नव्हती.

शेतमालकांची भीती शासनाने ओळखली होती. हंगामात मजूर शेतावरून हटू नयेत म्हणून कामांचा भर रिकाम्या महिन्यांवर ठेवला गेला आणि दरही शेतमजुरीच्या पुढे जाऊ दिला नाही. पाझर तलावांनी विहिरींचे पाणी वाढले, तेव्हा बागायतदारही योजनेचे पाठीराखे झाले. ही तडजोड योजनेच्या पथ्यावर पडली, पण तिची किंमत मजुराने मोजली. १९८८मध्ये योजनेचे दर किमान वेतनाच्या पातळीवर नेले गेले, ते जवळपास दुप्पट झाले. त्यानंतर कामे काढण्यात प्रशासनाने हात आखडता घेतला. कागदावर हमी कायम राहिली. व्यवहारात तिला मर्यादा पडली.

१९९०मध्ये पागे निवर्तले. पुढे २००५चा केंद्रीय कायदा महाराष्ट्राच्याच अनुभवावर उभा राहिला. त्यात वर्षाला प्रत्येक कुटुंबाला शंभर दिवसांचे काम होते, आणि ते न मिळाल्यास पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान चतुर्थांश व नंतर किमान निम्मा भत्ता.

वर्षातले शंभर दिवस गावात काम मिळाल्याने कारखान्याचा बाराही महिन्यांचा मजूर हिरावला जात नाही, असे माझे मत आहे. हिरावली जाते ती त्याची अगतिकता. घरी उपास घडणार नाही एवढी खात्री असलेला माणूस पानिपतला जाण्याआधी मजुरी, खोलीचे भाडे आणि कामाचे तास विचारतो. मालकाला हे टंचाईसारखे भासते, कारण जुन्या दरात माणूस मिळेनासा होतो. २०२०च्या टाळेबंदीत गावी परतलेल्या मजुरांना परत आणण्यासाठी पंजाबातील शेतकऱ्यांनी वाहने धाडली आणि लावणीचे दर वाढवले. दर वाढल्यावर माणसे आली.

लहान उद्योगांचा नफा तुटपुंजा असतो, ही अडचण खरी आहे. तिच्यावर यंत्रे, पतपुरवठा आणि मजुरांची निवासव्यवस्था हे उपाय आहेत. विसापूरच्या माळावर पागे यांनी मजुराला कामासोबत नाही म्हणण्याचे थोडेसे बळही दिले. स्वस्त मजुरांसाठी ते काढून घ्यायचे का, याचे उत्तर धोरणकर्त्यांनी द्यायचे आहे.