पोलादातील अदृश्य तडे दिसू लागले तेव्हा...

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस चालता चालता मोडला. आगीने वेढलेल्या डब्यांत पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. वरून धडधाकट दिसणारे पोलाद आतून भेगाळत जाते आणि ऐन क्षणी दगा देते, हे त्यानंतर अभियंत्यांना उमगत गेले. मात्र ती भेग आधीच शोधायची कशी, हा प्रश्न पुढे ऐंशीहून अधिक वर्षे पुरला. त्याचे व्यवहार्य उत्तर ज्याच्या नावाशी निगडित आहे, तो आल्फ्रेड व्हिक्टर डी फॉरेस्ट. रेडिओच्या इतिहासातील ली डी फॉरेस्ट तो नव्हे. आडनावसाधर्म्यामुळे अनेकांची गफलत होते.

आल्फ्रेडचा जन्म १८८८ चा. वडील लॉकवूड डी फॉरेस्ट हे चित्रकार व सजावटकार. त्यांनी १८८१ मध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील अहमदाबादेत मगनभाई हठीसिंग यांच्यासह लाकडी कोरीवकामाची कार्यशाळा उभारली होती. भारतीय नक्षीने भारलेल्या या घरातला मुलगा मात्र धातूंकडे वळला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीतून शिक्षण घेतल्यावर त्याने काही काळ कारखान्यांत काम केले.

मूळ कल्पना त्याची नव्हती, हे प्रांजळपणे सांगायला हवे. १८६८ मध्येच इंग्लंडमधील सॅक्सबी यांनी चुंबकसूची फिरवून लोखंडातील दोष हेरण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतील विल्यम होक यांना चुंबकीय पकडीत धरलेले पोलाद घासताना दिसले, की उडणारा कीस वेडावाकडा न पडता ठरावीक रेषांत गोळा होतो, आणि त्या रेषा म्हणजे पृष्ठभागावरील तडे असतात. होक यांनी १९२२ मध्ये पेटंट मिळवले, पण कारखान्यात रोज वापरता येईल असे तंत्र त्यातून निघाले नाही.

डी फॉरेस्ट यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस हे काम हाती घेतले. चुंबकित पोलादातून बलरेषा वाहतात. वाटेत आडवी भेग आली की त्या पृष्ठभागाबाहेर झिरपतात आणि लोहचूर्ण तेथेच चिकटते. भेग बलरेषांना समांतर असेल, तर मात्र काहीच दिसत नाही. खरी मेख इथेच होती. डी फॉरेस्ट यांनी भागातूनच विद्युतप्रवाह सोडला, तेव्हा चुंबकक्षेत्र त्याभोवती वर्तुळाकार झाले आणि लांबीच्या दिशेचे तडे उघडे पडले. आडव्या तड्यांसाठी भागाभोवती वेटोळे पुरेसे होते. चूर्णाच्या कणांचा आकार आणि चुंबकीय गुणधर्मही त्यांनी काटेकोर ठरवले. तपासणीनंतर भागातील चुंबकत्व उतरवणेही आवश्यक असते, अन्यथा तो पुढे फिरताना कीस ओढून घेतो.

फॉस्टर डोन यांच्यासह सुरू झालेल्या भागीदारीतून १९३४ मध्ये मॅग्नाफ्लक्स कॉर्पोरेशन उभी राहिली. विमानांची इंजिने आणि रेल्वेचे भाग हे तिचे मोठे क्षेत्र ठरले. या तंत्राला मर्यादाही आहेत. अॅल्युमिनियम किंवा तांब्यावर त्याचा उपयोग नाही, आणि खोलवर दडलेला दोष ते दाखवत नाही.

याच काळात डी फॉरेस्ट एमआयटीत प्राध्यापक होते. तेथील सहकारी आर्थर रूज यांच्यासह त्यांनी धातूवर चिकटवायच्या तारेच्या ताणमापकाचा विकास केला. कॅलिफोर्नियात एडवर्ड सिमन्स यांनीही तोच शोध स्वतंत्रपणे लावला होता. दोन्हींच्या मिलाफातून निघालेल्या ‘एसआर-४’ या मापकाच्या नावात एस सिमन्स यांचा, आर रूज यांचा, तर चारचा आकडा या कामातील चौघांचा. डी फॉरेस्ट या आकड्यातच सामावले.

वयाची साठी गाठण्यापूर्वीच, १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या कणांनी तडे शोधण्याची सुधारित रीत तोवर रुळू लागली होती. आज भारतीय रेल्वेच्या कारखान्यांतही या तपासणीला मॅग्नाफ्लक्स याच नावाने ओळखतात.