राजाचे दात आणि राजाची बासरी

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक म्हटला की शाळेच्या इतिहासातल्या लढाया आठवतात. लोकांनी त्याला ‘थोर’ म्हटले ते तलवारीमुळे. पण त्याचा जीव अडकला होता तो आडव्या लाकडी बासरीत.

१७१२ साली बर्लिनमध्ये जन्मलेल्या या राजपुत्राचा बाप कवायत आणि शिकारीत रमणारा. पोराचे बासरीवेड त्याला बायकी वाटे. त्यामुळे ड्रेस्डेनच्या दरबारातले नामांकित वादक क्वांट्झ गुपचूप येऊन शिकवून जात. बापाच्या जाचाला कंटाळून १७३० साली राजपुत्राने पळून जाण्याचा बेत केला. तो फसला. जिवलग मित्र काट्टे याचा शिरच्छेद झाला आणि राजपुत्र कैदेत पडला. एवढे होऊनही बासरी सुटली नाही.

१७४० साली तो गादीवर बसला. पुढच्याच वर्षी त्याने गुरूंना कायमचे बोलावून घेतले. पगार सालीना २००० थालर, शिवाय प्रत्येक नव्या बासरीचे १०० डुकाट वेगळे! ज्याचा जन्म पगारपत्रके तपासण्यात गेला, त्या माझ्यासारख्याला यातूनच राजाचे प्रेम कळते. पॉट्सडॅमच्या सां-सूसी महालात संध्याकाळी मैफल भरे आणि राजा स्वतः वाजवी. त्याला शाबासकी देण्याची मुभा एकट्या गुरूंना होती.

मग १७५६ ते १७६३ असे सात वर्षांचे युद्ध झाले. त्यातून परतलेला राजा वाकलेला, अकाली म्हातारा झालेला होता. वाताने सांधे धरले, बोटे आखडली. पुढचे दात पडू लागले.

दात आणि बासरीचा काय संबंध, असे वाटेल. आडव्या बासरीत हवेची बारीक धार छिद्राच्या कडेवर नेमकी पडावी लागते. ही धार ओठ घडवतात आणि ओठांना मागून आधार असतो तो दातांचा. तो गेला की धार फाटते, स्वर फुसका निघतो. आजच्यासारखी घट्ट बसणारी कवळी त्या काळी कुठली?

१७७२ साली इंग्रज संगीतज्ञ चार्ल्स बर्नी यांनी साठीच्या राजाला ऐकले. त्याने एकामागून एक अवघड रचना वाजवल्या. विलंबित भागातला त्याचा भाव बर्नींना फार आवडला. मात्र लांब ताना पुऱ्या होण्याआधीच राजाला मध्ये श्वास घ्यावा लागतो, हेही त्यांनी टिपले. राजाने त्यावर तोड काढली होती ती एवढीच: दम तुटला तर तुटला, पण वाजवायचे.

पुढच्या वर्षी गुरू गेले. १७७८-७९ च्या बव्हेरियाच्या मोहिमेनंतर मात्र राजाने बासरी कायमची मिटून ठेवली. बापाच्या धाकाला न सुटलेली बासरी चार दातांनी सोडवली. मग संगीतातली गोडीही ओसरली आणि महालातल्या मैफली बंद पडल्या. १७८६ साली तो आरामखुर्चीतच गेला.

मला हळहळ वाटते ती या शेवटच्या सात वर्षांची. वाजवणे थांबणे शरीराच्या हाती असते. ऐकणे थांबायला नको होते. आपल्या घरातल्या आजोबांनी बासरी फडक्यात गुंडाळून ठेवली, तर ‘वय झाले’ म्हणून आपण विषय संपवू नये. नातवाला त्यांच्यापुढे वाजवायला बसवावे. चूक काढायला दात लागत नाहीत.