बार्शी लाईट आणणारे कॅल्थ्रॉप साहेब

कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर भागात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही बार्शी लाईट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण ती गाडी ज्यांनी आणली त्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांचं नाव आपल्याकडं फार थोड्यांना माहीत आहे.

त्यांचा जन्म १८५७ सालचा, इंग्लंडातला. तिकडं इंजिनाच्या कारखान्यात काम शिकून १८८२ मध्ये ते जीआयपी रेल्वेच्या नोकरीत भारतात आले. तेव्हा मुंबई-मद्रास मोठी लाईन बार्शीला बाजूला टाकून गेलेली. स्टेशनचं नाव बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, आणि बार्शी तिथनं ३५ किलोमीटर लांब! पेठेतला कापूस बैलगाडीनं स्टेशनवर न्यावा लागे. साहेबांनी हे बरोबर हेरलं. कित्येक वर्षं सरकारदरबारी खेटे घातले, कंपनी काढली आणि १८९७ ला अडीच फुटी रुळावरून बार्शीत गाडी आणली.

खरी हुशारी होती वजनाच्या हिशेबात. एवढ्या हलक्या रुळावर जड माल जाणार कसा? यांनी इंजिनाचं अन् डब्यांचं वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलं. एका चाकजोडीवर ५ टनापेक्षा जास्त भार नाही. गाडी उलाळ होऊ नये म्हणून पोती पुढं-मागं सरकवणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. रूळ हलके म्हणून खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणूनच आपल्या भागाला रेल्वे मिळाली. १९०६ ला गाडी पंढरपूरला पोचली, वारकऱ्यांची सोय झाली. १९११ ला निजामाच्या मुलखात लातूरला गेली.

पुढं साहेबांनी वेगळंच काम हाती घेतलं. रोल्स-रॉईसवाले चार्ल्स रोल्स त्यांचे मित्र. ते १९१० ला विमान कोसळून गेले. त्यानंतर कॅल्थ्रॉप यांनी वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. पहिल्या महायुद्धात त्यावरून शत्रूच्या मुलखात हेर उतरवले गेले, पण इंग्रज सरकारनं आपल्याच लढाऊ वैमानिकांना ते दिलं नाही. कितीतरी तरुण पोरं वाचली असती.

मार्च १९२७ मध्ये साहेब वारले. त्याच वर्षी लाईन मिरजेपर्यंत गेली. १९५४ ला सरकारनं कंपनी घेतली. २००० नंतर रूळ टप्प्याटप्प्यानं रुंद झाले, लातूरचा मार्ग वळवून धाराशिवला घातला, आणि आता लातूरची गाडी बार्शीवरून थेट मुंबईला जाते.