चेझारे बेक्कारिया

चेझारे बेक्कारिया (जन्म : मिलान, १५ मार्च १७३८, मृत्यू : मिलान, २८ नोव्हेंबर १७९४) हे इटालियन कायदेपंडित, तत्त्वज्ञ व अर्थशास्त्रज्ञ होते. गुन्हेगारीशास्त्रातील अभिजात संप्रदायाचे ते जनक मानले जातात.

जीवन

बेक्कारिया यांचा जन्म उमराव घराण्यात झाला. पार्मा येथील जेझुइट विद्यालयात शिकल्यावर १७५८ मध्ये त्यांनी पाव्हिया विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. १७६१ मध्ये वडिलांचा विरोध पत्करून त्यांनी तेरेसा ब्लास्को यांच्याशी विवाह केला. पिएत्रो व आलेस्सांद्रो व्हेर्री या बंधूंच्या मित्रमंडळात त्यांच्या विचारांना दिशा मिळाली. आलेस्सांद्रो यांच्याकडे मिलानच्या कैद्यांच्या हितरक्षणाचे पद असल्याने तुरुंगांतील वास्तव बेक्कारियांना जवळून समजले. पुढे १७६८ मध्ये ते मिलानमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १७७१ पासून शासकीय सेवेत राहिले.

ग्रंथ व विचार

‘गुन्हे व शिक्षा यांविषयी’ हा त्यांचा छोटेखानी ग्रंथ १७६४ मध्ये लिव्होर्नो येथे निनावी प्रसिद्ध झाला. कबुलीजबाबासाठी आरोपीचा छळ करणे त्या काळी युरोपात अनेक ठिकाणी कायदेशीर होते. छळामुळे सत्य उजेडात येत नाही. धट्टाकट्टा गुन्हेगार सुटतो आणि दुबळा निरपराध दोषी ठरतो, असे बेक्कारियांनी दाखवून दिले. गुन्ह्यांची व्याख्या कायद्याने स्पष्ट करावी, शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी व ती विनाविलंब व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची निश्चितता गुन्ह्याला अधिक आळा घालते, हे त्यांचे मध्यवर्ती प्रतिपादन होय. मृत्युदंड त्यांनी नाकारला. मात्र राष्ट्राच्या सुरक्षिततेला धोका असल्यास अपवाद ठेवला.

प्रभाव

१७६६ मध्ये कॅथलिक चर्चने हा ग्रंथ निषिद्ध ठरविला. तरीही फ्रेंच व इंग्रजी भाषांतरांमुळे तो सर्वत्र पोहोचला. व्हॉल्तेअर यांनी त्यावर भाष्य लिहिले, तर जेरेमी बेंथम यांच्या उपयुक्ततावादावर त्याचा ठसा उमटला. १७८६ मध्ये तस्कनीचे ग्रँड ड्यूक लिओपोल्ड यांनी मृत्युदंड रद्द केला. लोंबार्दीतील फौजदारी कायद्याच्या सुधारणा समितीत काम करताना १७९२ मध्ये बेक्कारियांनी मृत्युदंडाविरुद्ध नवा मुद्दा मांडला. न्यायदानात चूक झाल्यास ती दुरुस्त करण्याचा मार्ग या शिक्षेत उरत नाही, असा तो मुद्दा होता. फौजदारी न्याय व गुन्हेगारीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात त्यांचे विचार आजही शिकविले जातात.

प्रख्यात इटालियन कादंबरीकार आलेस्सांद्रो मान्झोनी हे त्यांच्या कन्या जुलिया यांचे पुत्र होत.