नगराध्यक्षपदापासून नॉर्थ ब्लॉकपर्यंत : शंकरराव चव्हाण

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्याचे दोन भाग पडतात. उत्तरेला गोदावरीचा काठ आणि काळ्या कसदार जमिनीचा सपाट पट्टा, तर दक्षिणेला बालाघाटाच्या टेकड्या. राणीसावरगाव हे या दुसऱ्या भागातले, पावसाकडे डोळे लावून बसणारे गाव. नदी एकाच तालुक्यातून वाहते, पण तिचे पाणी सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही. मराठवाड्याचे हे जुने दुखणे ज्या माणसाने आपल्या सार्वजनिक जीवनाचा मुख्य विषय केला, त्याचे नाव शंकरराव भाऊराव चव्हाण. नांदेडच्या नगरपालिकेतून निघालेला हा कार्यकर्ता पुढे दोनदा राज्याचा मुख्यमंत्री झाला आणि देशाचा संरक्षण, अर्थ व गृहमंत्रीही झाला.

नगरपालिकेच्या पायरीवरून देशाच्या नेतृत्वापर्यंत जाणे ही फ्रान्समध्ये रुळलेली वाट आहे. लिऑं शहराचे महापौरपद अनेक दशके भूषविणारे एदुआर एरियो तीनदा पंतप्रधान झाले. फ्रान्स्वा मितरां हे शातो-शिनॉं या लहानशा गावाचे महापौर होते आणि १९८१ मध्ये ते तिथूनच राष्ट्राध्यक्षपदी गेले. आपल्याकडे ही वाट अवघड आहे. नगराध्यक्ष बहुधा नगरातच राहतो. फार तर आमदार होतो. म्हणूनच शंकररावांची वाटचाल वेगळी ठरते.

निजामाच्या राज्यातील तरुण

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी पैठण येथे शेतकरी कुटुंबात झाला. संत एकनाथांचे हे गाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात उच्च शिक्षणाच्या सोयी बेताच्या आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू. अशा परिस्थितीत त्यांनी मद्रास विद्यापीठाची बी.ए. आणि उस्मानिया विद्यापीठाची एलएल.बी. या पदव्या मिळविल्या. वकिलीत त्यांचा जम बसला असता. पण तो काळ वेगळा होता.

स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद मुक्तिसंग्राम पेटला होता. रझाकारांच्या अत्याचारांमुळे संस्थानातील असंख्य कुटुंबे सरहद्द ओलांडून मध्य प्रांत-वऱ्हाड आणि मुंबई प्रांतात आली होती. सरहद्दीलगत स्टेट काँग्रेसच्या छावण्या उभ्या राहिल्या. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड येथील छावणीत शंकररावांनी काम केले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई होऊन संस्थान भारतात विलीन झाले. स्वामीजींच्या सहवासातून त्यांना साधी राहणी, वेळेची शिस्त आणि सार्वजनिक पैशाबद्दलची कमालीची काटेकोर वृत्ती लाभली. हा संस्कार अखेरपर्यंत टिकला. तो त्यांच्या यशाचे कारण ठरला आणि त्यांच्या एकटेपणाचेही.

गोदाकाठची नगरपालिका

मुक्तीनंतर शंकररावांनी नांदेड ही कर्मभूमी मानली. १९५६ मध्ये ते नांदेडचे नगराध्यक्ष झाले. नगरपालिकेचा कारभार म्हणजे नळ, दिवे, रस्ते, गटारे आणि करवसुली. नगराध्यक्षाला कोणत्याही तात्त्विक चर्चेत लपता येत नाही. नळाला पाणी आले नाही तर लोक थेट घरी येतात. गोदावरीच्या काठावर वसलेल्या शहरालाही पाणी आपोआप मिळत नाही. त्यासाठी योजना आखावी लागते, पैसा उभा करावा लागतो आणि हिशेब ठेवावा लागतो. पुढील आयुष्यात त्यांनी खात्यांच्या फायली ज्या पद्धतीने तपासल्या, तिचे मूळ या घरपट्टी-पाणीपट्टीच्या जगात दिसते.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याची पुनर्रचना होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मुख्यमंत्रिपदी आलेल्या यशवंतराव चव्हाणांना मराठवाड्यातील नव्या दमाची माणसे हवी होती. नांदेडच्या या तरुण नगराध्यक्षाला त्यांनी महसूल खात्याचे उपमंत्री केले. १९५७ मध्ये शंकरराव विधानसभेवर निवडून आले आणि पुढे दोन दशके राज्याच्या राजकारणात स्थिरावले.

जायकवाडीचा ध्यास

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. साठच्या दशकात पाटबंधारे खाते शंकररावांकडे आले आणि येथेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम उभे राहिले. गोदावरीवर मराठवाड्यात धरण बांधण्याची कल्पना हैदराबाद राज्याच्या काळातली. त्या वेळी निवडलेली जागा बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळची होती. पुढे धरणाची जागा नदीच्या वरच्या अंगाला, पैठणजवळ ठरली. नाव मात्र जायकवाडीच राहिले.

या प्रकल्पाला विरोधही होता. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातील नाशिक आणि नगर जिल्ह्यांत आधीपासून धरणे आणि कालवे होते, ऊस होता, साखर कारखाने उभे राहत होते. खाली एवढे मोठे धरण बांधले तर आपल्या पाण्यावर टाच येईल, ही तिकडची भीती. शिवाय जलाशयात पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांतील सुपीक जमिनी आणि अनेक गावे जाणार होती. स्वतः पैठणच्या मंत्र्याला आपल्याच परिसरातील माणसांना घरदार सोडण्यास सांगावे लागले. विस्थापितांचे दुःख त्या पिढीने भोगले आणि पुनर्वसनाच्या तक्रारी पुढे कित्येक वर्षे चालल्या. जायकवाडीचा गौरव करताना या गावांचा विसर पडू नये.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, २७ दरवाजे आणि सुमारे १०२ टीएमसी साठ्याचा जलाशय. त्याला नाथसागर हे नाव मिळाले. २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा तेव्हाच्या औरंगाबाद (आजच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातून निघून जालना जिल्ह्यामार्गे परभणीपर्यंत आला.

धरणाइतकेच महत्त्वाचे काम कागदावरचे होते. आंतरराज्य नदीचे पाणी केवळ धरण बांधून मिळत नाही, त्यावरचा हक्क सिद्ध करावा लागतो. मुख्यमंत्री असताना, ६ ऑक्टोबर १९७५ रोजी, महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात गोदावरीच्या पाणीवाटपाचा करार झाला. गोदावरीवर पैठणपर्यंत आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचे सर्व पाणी महाराष्ट्राला वापरता येईल आणि त्याखाली पोचमपाडपर्यंत नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी पाणी मिळेल, असे ठरले. नांदेडजवळच्या विष्णुपुरीसारख्या प्रकल्पांना या हिश्श्याचाच आधार आहे. याच कराराच्या आधारे धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये निकाली निघाला.

मंत्रालयातील हेडमास्तर

२१ फेब्रुवारी १९७५ रोजी वसंतराव नाईक यांच्या जागी शंकरराव मुख्यमंत्री झाले. मराठवाड्याला मिळालेले हे पहिले मुख्यमंत्रिपद. मुंबईतील राज्य कारभाराच्या मुख्य इमारतीचे सचिवालय हे नाव बदलून त्यांनी मंत्रालय असे केले. सचिवांच्या नव्हे, तर लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्यांच्या नावे कारभार चालतो, हा त्यामागचा अर्थ. अधिकाऱ्यांनी वेळेवर यावे, फाइल वाचूनच शेरा मारावा, हिशेब चोख असावा, असा त्यांचा आग्रह. त्यातून हेडमास्तर हे बिरुद त्यांना चिकटले. त्यात आदर होता आणि किंचित चेष्टाही.

परंतु चार महिन्यांतच देशावर आणीबाणी लादली गेली. राज्यात विरोधी नेते व कार्यकर्ते तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर निर्बंध आले. शिस्तप्रिय मुख्यमंत्र्याच्या कारकिर्दीला भीतीच्या शिस्तीची सावली पडली. शंकररावांच्या मूल्यमापनात ही बाजू टाळता येत नाही. वेळेवर उघडणारी कार्यालये आणि बंद झालेली तोंडे ही एकाच काळाची दोन रूपे होती आणि त्या काळात राज्याची सूत्रे त्यांच्या हाती होती.

पक्षांतर्गत राजकारणातही त्यांना माणसे सांभाळता आली नाहीत. वसंतदादा पाटील यांना त्यांनी मंत्रिमंडळातून वगळले. दादांनी राजकीय संन्यास जाहीर केला खरा, पण १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसची पीछेहाट होताच चित्र पालटले. मे १९७७ मध्ये शंकररावांना पायउतार व्हावे लागले आणि त्यांच्या जागी आले ते वसंतदादाच. पाठोपाठ आणखी एक कसोटी आली. १९७८ मध्ये शरद पवार यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात शंकरराव मंत्री म्हणून सामील झाले. जो नेता आपल्या मंत्रिमंडळात कनिष्ठ होता, त्याच्याच हाताखाली माजी मुख्यमंत्र्याने काम करायचे, हा प्रसंग त्यांनी पत्करला.

दिल्लीची दारे

१९८० मध्ये ते पुन्हा इंदिरा काँग्रेसमध्ये आले आणि नांदेडमधून लोकसभेवर निवडून गेले. वयाच्या साठाव्या वर्षी बहुतेक प्रादेशिक नेत्यांची कारकीर्द उताराला लागते. शंकररावांची तेथून नव्याने सुरू झाली. शिक्षण, नियोजन, संरक्षण अशी खाती त्यांनी सांभाळली. डिसेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी यांनी त्यांना गृहमंत्री केले. देश इंदिराजींच्या हत्येने आणि त्यानंतरच्या शीखविरोधी हिंसाचाराने हादरलेला होता. त्या कार्यकाळात, १९८५ मध्ये, पंजाब आणि आसाम करार झाले.

मार्च १९८६ मध्ये त्यांना दुसऱ्यांदा मुख्यमंत्री म्हणून मुंबईला पाठविण्यात आले. या कार्यकाळातील त्यांचा लक्षणीय प्रयोग म्हणजे शून्याधारित अर्थसंकल्प. गेल्या वर्षी खर्च झाला म्हणून यंदाही तो धरायचा, ही सरकारी रीत मोडून प्रत्येक योजनेची गरज शून्यापासून तपासायची, अशी ही पद्धत. यामुळे अनेक जुन्या योजनांना कात्री लागणार होती आणि त्यामुळे अनेक जण दुखावणारही होते. प्रशासनाने हा प्रयोग मनापासून स्वीकारला नाही आणि तो मागे पडला. एका नगराध्यक्षाची हिशेबी दृष्टी राज्याच्या तिजोरीला लावण्याचा हा प्रयत्न होता.

जून १९८८ मध्ये ते केंद्रात अर्थमंत्री झाले. १९८९-९० चा अर्थसंकल्प त्यांनी मांडला. पंडित नेहरूंच्या जन्मशताब्दीनिमित्त ग्रामीण रोजगाराची योजना त्यात होती. यशवंतराव चव्हाणांप्रमाणेच केंद्रातील संरक्षण, गृह आणि अर्थ ही तिन्ही खाती सांभाळण्याचा मान त्यांना मिळाला.

अयोध्येची कसोटी

१९९१ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले आणि शंकरराव पुन्हा गृहमंत्री. हा योगायोग विलक्षण होता. दोघेही निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यातून आलेले, दोघेही स्वामी रामानंद तीर्थांना मानणारे. चाळीस वर्षांनी देशाची सूत्रे या दोघांच्या हाती होती.

आणि याच काळात ६ डिसेंबर १९९२ उजाडला. केंद्रीय सुरक्षा दले अयोध्येच्या जवळ तैनात होती, पण कायदा व सुव्यवस्था हा राज्याचा विषय आणि उत्तर प्रदेश सरकारने न्यायालयाला संरक्षणाची हमी दिलेली. गृह मंत्रालयात वास्तू ताब्यात घेण्याचा आराखडा तयार होता. तो अमलात आणण्याचा राजकीय निर्णय वेळेत झाला नाही. बाबरी मशीद पाडली गेली. देशभर दंगली उसळल्या, मुंबई दोनदा होरपळली आणि १२ मार्च १९९३ रोजी बॉम्बस्फोटांनी हादरली. नियम आणि घटनात्मक चौकट यांवर श्रद्धा असलेल्या गृहमंत्र्याला ती चौकटच अपुरी पडताना पाहावी लागली. निर्णयाची अंतिम जबाबदारी पंतप्रधानांची असली, तरी गृहमंत्र्याचा वाटा इतिहासाने पुसलेला नाही.

याच मंत्रालयाने १९९३ मध्ये गुन्हेगार, राजकारणी आणि अधिकारी यांच्या साट्यालोट्याचा शोध घेण्यासाठी वोरा समिती नेमली, हेही नोंदवायला हवे. १९९६ मध्ये सत्ता गेली. पुढे २००२ पर्यंत ते राज्यसभेत होते. २६ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

मागे उरलेले

नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आज शंकररावांच्या नावाने ओळखले जाते. विष्णुपुरीच्या जलाशयाला शंकरसागर म्हणतात. २००८ मध्ये त्यांचे पुत्र अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले आणि राज्यात पिता-पुत्र मुख्यमंत्री होण्याचा पहिला प्रसंग घडला.

त्यांचे खरे स्मारक मात्र नाथसागरच. तेही अपुरे आहे. वरच्या धरणांमुळे जायकवाडी अनेक वर्षे पुरेशी भरली नाही. समन्यायी पाणीवाटपाची तरतूद २००५ च्या कायद्यात आली आणि तिच्या अंमलबजावणीसाठी मराठवाड्याला उच्च न्यायालयात जावे लागले. जेथे कालवा पोहोचला, तेथेही त्याच्या शेवटच्या टोकाला पाणी मिळेलच याची शाश्वती नसते. आणि जी गावे उंचावर आहेत, त्यांच्यापर्यंत कालवा चढून येत नाही. बालाघाटातील शेतकरी आजही मृगाची वाट पाहतो.

तरीही पैठणच्या बांधावर उभे राहिले, की एक गोष्ट लक्षात येते. हे पाणी कोणी आंदण दिलेले नाही. जागा, निधी, विरोध, आंतरराज्य करार अशा एकेका पायरीवर ते मागावे लागले, आणि मागणारा माणूस फाइल वाचून, आकडे पाठ करून आलेला होता. त्याला टाळ्या घेता येत नव्हत्या, गट सांभाळता येत नव्हते आणि इतिहासाच्या एका निर्णायक दिवशी त्याची शिस्त कामी आली नाही. पण नळाला पाणी का येत नाही, हा नगराध्यक्षाला विचारला जाणारा प्रश्न त्याने नॉर्थ ब्लॉकपर्यंत पोहोचल्यावरही सोडला नाही. मराठवाडा त्याच्याकडे पाहताना हे मोजतो.